सारख्या ताणाच्या चाळीस तारा

मित्रांनो, नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका घराच्या जिन्याखाली मी उभी असते. मी एक जुनी लेडीज सायकल. माझा काळा रंग आता जागोजागी उडालाय आणि सीटमधून काथ्या बाहेर डोकावतो. शाळेतून येता-जाता तुम्ही माझी घंटी वाजवून पळता, ते मला कळतं बरं. वाजवा बापड्यांनो, मला त्याचा राग नाही. पण आज जरा थांबा. मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. भट्टीची धग, रंगाचा वास आणि मग मालगाडीत गवतात गुंडाळून केलेला प्रवास, एवढंच. चौऱ्याहत्तर साली मी नागपूरला उतरले आणि इतवारी बाजारात ओमप्रकाश शेटच्या दुकानात उभी राहिले. माझ्या एका बाजूला हातफिरलेली, सगळ्यांत स्वस्त सायकल होती. दुसऱ्या बाजूला पोपटी रंगाची, वाकड्या हँडलची, बारीक टायरची स्पोर्ट सायकल, सगळ्यांत महाग. मी मधली. मधलीकडे कोणाचं लक्ष जातं? तीन महिने माझ्यावर धुळीशिवाय कोणी बसलं नाही.

मग एके दिवशी महाल वस्तीतले गणपतराव आपल्या मुलीला, पुष्पलताला, घेऊन आले. गणपतराव विणकर. घरच्या मागावर नऊवारी लुगडी विणण्यात त्यांचा जन्म गेला होता. पुष्पलता नर्सचं शिक्षण पुरं करून नुकतीच नोकरीला लागली होती, आणि तिची नेमणूक झाली होती रामटेकच्याही पलीकडे, डोंगरातल्या मोहटोला गावी. भोवतालची बारा गावं तिच्याकडे. रस्ते म्हणाल तर मुरूम, गोटे, नाले आणि घाट.

गणपतरावांची नजर थेट पोपटी सायकलवर गेली. "पुष्पे, हे पाह्य वं! रंग कसा, एकदम काठाच्या रेशमासारका!"

"एकदम हलकी आहे बाबूजी, हवेसारखी जाते," शेट म्हणाले.

तिथेच खाली बसून चंद्रभान मिस्त्री कोणाची तरी चेन बसवत होता. महालात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, गणपतरावांच्या गल्लीच्या तोंडाशीच. त्यानं मान वर केली. "जाईन ना हवेसारखी, पण सीताबर्डीच्या डांबरावर. बाई, तुमी चालवसान कुठी?"

पुष्पलतानं सांगितलं. मिस्त्री हसला. "मंग हे बारीक टायर गोट्यावर दोन दिवसात फाटते. हिचे ब्रेक वायरचे. जंगलात वायर तुटली त कोन देईन तुमाले? अन् ते जुनी तर पाहूच नोका, तिचा पुढचं चाक धरनारा चिमटा एकदा जोडलेला हाय."

पुष्पलतानं मग दुकानातल्या लोकांकडे लक्षच दिलं नाही. तिनं माझं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं. सळईचे ब्रेक दाबले. औषधाची पेटी राहील एवढं कॅरिअर आहे का, ते वितीनं मोजलं. पदर खोचून मला उचलून धरलं आणि दुकानाची पायरी चढून-उतरून पाहिली, कारण नाले तिला मला असंच उचलून पार करायचे होते. शेवटी म्हणाली, "बाबा, हीच." मला इतकं बरं वाटलं म्हणता! एवढ्या बारकाईनं मला कोणी पाहिलंच नव्हतं.

मिस्त्रीनं माझं मागचं फ्रीव्हील, म्हणजे चेन फिरते ते दातेरी चक्र, काढून बावीस दात्यांचं, जरा मोठं बसवून दिलं. "सपाटीवर पाय जास्त फिरतीन," तो म्हणाला, "पण चढावर छाती नाही फुटनार." गणपतराव मात्र हिरमुसले. घरी जाईपर्यंत ते माझ्याकडे सावत्र लेकीकडे पाहावं तसे पाहत होते.

दोन वर्षं, मित्रांनो, मी त्या डोंगरांत जीव तोडून काम केलं. चढावर बाई खाली उतरून मला ढकलायची, उतारावर दोघी मिळून धाडधाड खाली यायचो. देवीच्या लसी, तापाच्या गोळ्या, बाळंतपणाचं सामान, सगळं माझ्या कॅरिअरवर. घंटी ऐकली की लोक म्हणायचे, "आल्या नर्सबाई." पहिल्या वर्षी बायका दार लावून घेत. दुसऱ्या वर्षी त्याच बायका निरोप पाठवू लागल्या. डोंगरापलीकडच्या सालईटोल्याची भागीरथाबाई सगळ्यांत हट्टी, पण तिनंसुद्धा सुनेला, देवकीला, दिवस गेल्यावर म्हटलं, "हिचं बाळंतपण बाईच करतीन." त्या दिवशी पुष्पलता घाट उतरताना मोठमोठ्यानं गात होती. तिचा आवाज काही गोड नाही, पण मी ऐकून घेतलं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात, एका रविवारी, गणपतराव मुलीला भेटायला मोहटोल्याला आले. दोन वर्षांत त्यांचा माझ्यावरचा राग निवळला होता, उलट मायाच जडली होती. "माह्या पोरीले सांभाळते बिचारी," असं म्हणून त्यांनी मला फडक्यानं पुसलं, तेल दिलं. मग मला उलटी केली आणि मागच्या चाकाच्या तारा बोटानं छेडायला लागले.

मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, असेच बोटानं तपासतात. एक धागा सैल, एक ताठ असला की कापडाला झोळ पडतो. चाळीस वर्षं ज्या बोटांनी हजारो धागे एका ताणावर आणले, त्या बोटांना लगेच कळलं की माझ्या चेनकडच्या तारा ताठ आहेत आणि दुसऱ्या बाजूच्या सैल. झालं! इतवारीतून आणलेली तारांची चावी त्यांनी खिशातून काढली आणि दुपारभर बसून चाळीसच्या चाळीस तारा अगदी सारख्या करून टाकल्या. ताठ होत्या त्या ढिल्या केल्या. इतकं मन लावून की घाम पुसायचंही भान नाही. मी आतून ओरडत होते, अहो बाबा, नका हो! पण माझं ओरडणं म्हणजे फक्त कुरकुर, आणि त्यावर त्यांनी आणखी तेल घातलं.

"आता पाह्य, कसा ताणा बसला," असं पुष्पलताला सांगून ते संध्याकाळच्या एसटीनं गेले.

मंगळवारी मोहटोल्याचा बाजार. पुष्पलता बाजारातच तापाच्या गोळ्या वाटत होती, मी शेजारी उभी. दुपारी सालईटोल्याचा माणूस धावत आला. देवकीला पहाटेपासून कळा सुरू होत्या, एवढं सांगून तो तिच्या माहेरी कळवायला पुढे पळाला. पुष्पलता तशीच निघाली. चाक मडगार्डला घासत होतं, तिला ते ऐकू आलं, पण थांबायला वेळ कुठे होता? घाट चढून आम्ही माथ्यावर आलो आणि पलीकडचा उतार लागला. पहिल्या मोठ्या खड्ड्यात दोन तारा तुटल्या, पुढच्या गोट्यावर चाक पापडासारखं वाकलं. पुष्पलता कोपरावर आदळली. तिनं रक्ताकडे पाहिलं नाही. मला साजाच्या झाडाला टेकवलं, पेटी डोक्यावर घेतली आणि चिखलातून पळत सुटली. अजून तीन मैल होते.

ती पोचली तेव्हा बाळ जन्मलं होतं आणि गेलंही होतं. नाळेचा वेढा गळ्याभोवती बसला होता. सोडवायला एक शहाणा हात हवा होता, आणि तो हात त्या वेळी घाटात पळत होता. देवकी तेवढी वाचली.

भागीरथाबाईनं विचारलं, "काहून उशीर केला बाई? बाजार करून राहिली होती का?" कारण मला बाजारात उभी पाहणारे खूप होते. पुष्पलता म्हणाली, "सायकल मोडली." लोक म्हणाले, रोज पुसलेली, तेल दिलेली सायकल कशी मोडेल? बाजारात वेळ घालवला आणि मग घाईत आदळली, असंच त्यांनी धरलं.

मला एसटीच्या टपावर टाकून तिनं महालात, चंद्रभान मिस्त्रीकडे आणलं. मिस्त्रीनं चाक पाहिलं आणि विचारलं, "हे तारा कोनं सारक्या केल्या?" पुष्पलताचा चेहरा पांढराफटक पडला. ती म्हणाली, "काका, हे बाबांले सांगू नोका. कधीच नोका सांगू."

नवं चाक मिळालं, पण गाव गेलं. सालईटोल्याहून निरोप येणं बंद झालं. मग शेजारच्या गावांतूनही. आमची घंटी वाजली तरी दारं उघडत नव्हती. एक बाळंतीण चार दिवस तापानं फणफणली, तरी कोणी कळवलं नाही; खाटेवर घालून रामटेकला नेली, तेव्हा कशीबशी वाचली. पुष्पलता रोज मला घेऊन निघायची आणि रिकामी परत यायची. एका वाक्यात ती मोकळी झाली असती. ते वाक्य तिनं चार महिने गिळलं.

दिवाळीला ती मला घेऊन महालात आली. गणपतराव खूश. फराळ बाजूला ठेवून त्यांनी खिशातून तीच चावी काढली आणि माझ्या मागच्या चाकाला हात घातला.

"बाबा, हात नका लावू तिले!" पुष्पलता एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारी डोकावले. मग ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

गणपतराव हातातल्या चावीकडे पाहत बसले. विणकर माणूस, गाठ कुठे पडली ते शोधल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी मला हाताला धरलं आणि सरळ मिस्त्रीच्या दुकानात नेलं. "चंद्रभान, खरं सांग गा. म्या काय केलं?"

मिस्त्रीनं आधी टाळलं, मग मान खाली घालून सांगितलं. "मागच्या चाकात चेनकडच्या तारा जास्तच ताठ ठेवा लागते भाऊ. तिकडं फ्रीव्हील बसते ना, म्हनून. तेव्हाच चाक मधोमध राहाते. तुमी सारक्या केल्या, अन् चाकाचा दमच गेला." आणि मग त्यानं ते बाळाचंही सांगितलं.

गणपतराव दुकानाच्या फळीवर हात टेकून उभे राहिले. मी त्यांना रडताना पाहिलं नाही. ते नुसते उभे होते.

दुसऱ्या दिवशी, "येतो जरा," एवढंच घरी सांगून त्यांनी मला घेतलं आणि रामटेककडची एसटी पकडली. मित्रांनो, गणपतरावांना सायकल येत नव्हती. मोहटोल्यापासून सालईटोल्यापर्यंत, सगळा घाट त्यांनी मला हातानं ढकलत नेलं. साठीचा माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. वाटेत ते तीनदा बसले आणि तीनदा उठले.

भागीरथाबाई अंगणात धान पाखडत होती. गणपतरावांनी मला भिंतीला टेकवलं आणि हात जोडले. "मी नर्सबाईचा बाप. तुमच्या घरी उशीर झाला तो तिचा नाही, माहा हाय. म्या इनकर मानूस. धागा समजतो, चाक समजत नाही. न समजता तिच्या चाकाले हात लावला, म्हनून ते घाटात मोडलं."

सूप थांबलं. आजूबाजूची माणसं जमली. "इतक्या दूर हेच सांगाले आले?" भागीरथाबाईनं विचारलं.

"हो."

"मंग बाईनं काहून नाही सांगतलं?"

"मले लागू नये म्हनून."

दारात देवकी उभी होती. ती सावकाश पुढे आली. "लेकरू माहं होतं, बाबा," ती म्हणाली. "अजूनबी रात्री छाती दाटून येते. तुमाले शिव्या नाही देत मी. पण माफ केलं, असंबी मले नाही म्हनता येत."

"नोको म्हनू माय," गणपतराव म्हणाले.

देवकी माझ्याजवळ आली. "हे चाक आता बराबर हाय?"

"मिस्त्र्यानं केलं. म्या हात नाही लावला."

तिनं चाक हातानं दाबून पाहिलं. मग देवकी सासूकडे न पाहता म्हणाली, "माह्या नणंदेले आठवा लागला हाय. बाईले म्हना, सुटी सरली का येऊन पाहून जा."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी सायकल असेल, कोणी माणूस असेल, ज्यावर तुमचा फार जीव आहे. जीव लावा, पण ते कसं चालतं हे आधी समजून घ्या. ठाऊक नसेल तर ज्याला कळतं त्याला विचारा. आणि एवढं करूनही हातून चूक झालीच, तर ती दुसऱ्या कोणाच्या माथी राहू देऊ नका. पायी घाट चढावा लागला तरी जा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर उभं राहून सांगा. माफी मिळेलच असं नाही. गणपतरावांना ती शेवटपर्यंत मिळाली नाही. पण पुष्पलताबाईला सालईटोल्याचं बोलावणं आलं.