शेवटचा गडी

मुकादमांनी दोराचं टोक काखेखालून काढून पाठीवर घेतलं आणि मैदानात एकच गलका झाला. गोदाम विरुद्ध छपाई! कारखान्यातल्या रस्सीखेचीचा अंतिम सामना. दोराच्या टोकाला सगळ्यांत वजनदार गडी उभा करायचा. तो मागे रेलला की हलता हलायचा नाही. गोदामाकडून मुकादम, तर छपाईकडून त्यांच्याच बायकोचा धाकटा भाऊ. पोटाच्या घेरात दोघंही तोडीस तोड.

"दाजी, आज तुमची माती चाखायची वेळ!" पलीकडून मेव्हणा ओरडला.

मुकादमांना चेव आला. पण कानात कालच्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली, तेव्हा ते उसळलेच होते.

"अहो, मी दारूच्या थेंबालाही शिवत नाही!"

"दारूचा प्रश्नच नाही. यकृतात अशी चरबी साठते, तेव्हा हृदयालाही धोका वाढतो. त्यात तुमचा रक्तदाब जास्त. हृदयाची तपासणी होईपर्यंत जोर लावायचा नाही."

घरी त्यांनी 'सगळं ठीक आहे' म्हणून वेळ मारून नेली होती. एवढा एक सामना, मग बघू!

पंचांनी हात वर केला. पुढच्यांच्या पाठी ताणल्या. गर्दीत बायको टाचा उंचावून कधी नवऱ्याला, कधी भावाला चेव आणत होती. घसा बसला तरी तिची हौस फिटत नव्हती. तिच्याकडे पाहता पाहता मुकादमांची पकड सैल झाली.

"थांबा!" त्यांनी दोर उतरवला. "मला डॉक्टरांनी मनाई केलीय. चरबी यकृतात आहे, पण घोर हृदयाचा आहे."

छपाईवाल्यांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. मुकादमांचे कान तापले. आता मेव्हणा जन्मभर पिच्छा सोडणार नव्हता.

मेव्हणा हसत मात्र नव्हता. त्यानंही दोर पुढच्याच्या हाती दिला आणि मैदान ओलांडून दाजींच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुला काय झालं?"

"मलाही हेच सांगितलंय."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

पंचांची शिट्टी वाजली. दोर ताणला गेला, आरोळ्या उठल्या. मुकादमांनी मेव्हण्याचं मनगट घट्ट धरलं.

"सोमवारी माझ्याबरोबर तपासणीला यायचं. मुकाट्यानं."

"येतो. पण ताईला कळू देऊ नका."

ताई गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडेच येत होती.