मी मल्लिनाथच्या गुडघ्यातली हट्टी पेशी

मी एक जुनी, हट्टी पेशी आहे. सोलापूरच्या मल्लिनाथच्या उजव्या गुडघ्यात माझा जन्म झाला. मित्रांनो, हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात मी राहते. आमच्याकडे रक्त येत नाही. गुडघा हलला की सांध्यातल्या पाण्यातून आमचं पोषण होतं. म्हणून लोक म्हणत, "कूर्चा फाटली की गेली." मला ते कधीच पटलं नाही.

मल्लिनाथचं घर सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारं. नंदीध्वजाची ती उंच, जड काठी कमरेला तोलून अनवाणी चालायचं असतं. गेल्या हिवाळ्यात सराव करताना त्याचा पाय मुरगळला आणि नेमक्या भाराच्या जागी कूर्चेचा तुकडा उडाला. मी बिनभाराच्या कोपऱ्यात होते, म्हणून वाचले. शिवानी डॉक्टरांनी तिथून तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा तुकडा काढला आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथं ऊब आणि खाद्य मिळालं. माझ्या एकीच्या दोन झाल्या, दोनांच्या चार. उन्हाळ्यात शस्त्रक्रियेनं आम्ही लाखोंनी गुडघ्यात परतलो आणि त्या खड्ड्यात ठाण मांडलं. आम्ही त्याच्याच होतो. शरीर आम्हाला हाकलणार कसं?

दिवाळीनंतर सराव पुन्हा सुरू झाला. काका वीरभद्रप्पांनी काठी तोलायचा कमरपट्टा त्याच्यापुढे टाकला.

"दुखतंय का?"

"न्हाय, काका."

"मग उचल की! म्हाताऱ्यावानी गुडघा कुरवाळत बसलास तर पोरगी कोण देणार रं तुला?"

जमलेले खो खो हसले. मी मात्र हादरले. मित्रांनो, कूर्चेला नसा नसतात. आम्ही फाटत असलो तरी दुखून सांगता येत नाही. आमचा थर अजून मऊ होता. वर्षभर जड ओझं नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मल्लिनाथनं पट्टा उचलला, क्षणभर हातात धरला आणि चुलतभावाच्या हाती दिला. "सोमेश, यंदा तू."

"आन् घराचा मान?" काका गरजले.

"मान घराचा हाय, गुडघा माझा हाय. यंदा हात लावणार न्हाय. म्हातारा होईस्तोवर पेलायचीय मला काठी."

काकांनी पाठ फिरवली. यात्रेत मल्लिनाथ रिकाम्या हातांनी काठीशेजारी चालला. "पाहुणे आले वाटतं!" कुणीतरी ओरडलं. त्यानं मान खाली घातली नाही, आणि त्याच्या प्रत्येक पावलाला आम्ही घट्ट होत गेलो.

मित्रांनो, दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं कुणी कितीही दरडावून सांगितलं तरी ऐकू नका. डॉक्टरांची मदत आणि पुरेसा वेळ मिळाला, तर खड्डा भरून काढायला आम्ही समर्थ आहोत. आम्हाला फक्त बोलता येत नाही. आमच्या वतीनं "नाही" तुम्हालाच म्हणावं लागेल.