हिलालची एकतीस वर्षं

रिझवानला फुटबॉल खेळता येत नव्हता, पण फुटबॉलवरून भांडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अंबडच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथल्या कँटीनमध्ये जेवणाची सुट्टी झाली की हिलाल स्पोर्टिंगचा विषय निघायचाच, आणि नाही निघाला तर तो काढायचा. जिल्हा लीगचे तीन गट होते. अव्वल, त्याखाली ब, त्याखाली क. जुन्या नाशकातला त्याचा हिलाल क्लब एकतीस वर्षं अव्वल गटात होता आणि एकदाही खाली घसरला नव्हता. देवळालीचा क्लब दोनदा घसरला होता. सिडकोतला तर बंदच पडला. आणि समोर डबा उघडून बसलेल्या लखनचा अंबड कामगार संघ म्हणजे, रिझवानच्या भाषेत, लिफ्ट होती. वर आली की खाली जायची वाट बघायची.

लखनचं घराणं मूळचं पेठकडच्या डोंगरातलं. बोलणं कमी. नागलीची भाकरी मोडता मोडता तो एवढंच विचारायचा की हिलालने इतक्या वर्षांत लीग एकदा तरी जिंकली का? अंबडने एकदा जिंकली होती. यावर रिझवान म्हणायचा, लॉटरी कुणालाही लागते, खानदान वेगळं. मग टेबलावरचे सगळे हसायचे आणि लखन पाणी प्यायला उठायचा.

या मोसमात मात्र हिलालची दमछाक झाली. शेवटच्या सामन्यापर्यंत गोष्ट आली, आणि तो सामना नेमका अंबडशी होता. जो हरेल तो ब गटात जाणार.

मार्चमधला रविवार, दुपारचं टळटळीत ऊन. रिझवान आपल्या वडिलांना, बद्रुद्दीनना, रिक्षात घालून मैदानावर घेऊन आला. सोबत त्याची कॉलेजात जाणारी मुलगी माहेनूर होती. बद्रुद्दीन हिलालच्या त्या पहिल्या संघात होते ज्याने अव्वल गट गाठला. डाव्या बाजूचे बचावपटू. त्या वेळीच चाळिशी उलटून गेलेली, तरी त्यांना कोणी ओलांडून जात नसे म्हणे. आता हातात काठी होती आणि एका कानाने ऐकू येत नव्हतं. सामना संपत आला असताना कॉर्नरवरून आलेला चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून अंबडच्या जाळ्यात गेला, आणि मैदानाच्या एका बाजूला नुसता गोंधळ उडाला.

रिझवान धावत पलीकडच्या बाजूला गेला. लखन दोरीपाशी उभा होता, डोळे लाल झालेले.

"ब गटात सावली असते का रे बसायला?" रिझवानने विचारलं. "नसेल तर छत्री पाठवतो."

 लखनने आपली टोपी काढली आणि घाम पुसला.

रिझवान परत आपल्या बाजूला येतो न येतो तोच हिलालचे अध्यक्ष संतोषशेठ यांनी माइक हातात घेतला. गेली बरीच वर्षं क्लब तेच चालवत होते. कागदपत्रांसाठी हेलपाटे मारायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून क्लबची नोंदणीही त्यांच्याच नावावर होती, आणि तशी ती झाली तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखंच वाटलं होतं. शेठ पोरांचं कौतुक करून म्हणाले, "आनंदाची बातमी. पुढच्या मोसमापासून आपला संघ विजयपथ अकॅडमी या नावाने खेळेल. नवा रंग, नवं मैदान, सगळं गंगापूर रोडला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठ बोलले की टाळ्या वाजवायची सवयच होती. रिझवाननेही वाजवल्या. तो वाजवतच होता, तेव्हा माहेनूरने येऊन त्याचा हात घट्ट धरला.

"अब्बू, टाळ्या काय वाजवता? हिलाल संपला."

रिझवान तिच्याकडे बघत राहिला. शब्द कानावर पडले होते, पण आत जात नव्हते. त्याने मैदानाकडे पाहिलं. हिरव्या जर्सीतला हिलालचा कप्तान होता तिथेच मटकन खाली बसला होता. त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. हळूहळू टाळ्या थांबल्या. मग कुणी ओरडलं नाही, कुणी धावून गेलं नाही. एवढी माणसं होती, पण दोरीला बांधलेल्या कागदी पताकांची फडफड ऐकू येत होती. शेठ माइक ठेवून गाडीत बसले आणि निघून गेले.

बद्रुद्दीन खुर्चीतून विचारत होते, काय म्हणाला तो? 

"जिंकलो, अब्बा," रिझवान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मोहल्ल्यातल्या चार जणांना घेऊन लीगच्या कार्यालयात गेला. तिथल्या माणसाने चहा मागवला आणि शांतपणे समजावून सांगितलं. नोंदणी ज्याची, अव्वल गटातली जागा त्याची. नाव बदलायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि जागेबरोबर आजवरची कामगिरीही जाते, तसा नियमच आहे. तुम्हाला हवा तर नवा संघ काढा, क गटापासून सुरुवात होईल.  चहा तसाच ठेवून रिझवान बाहेर आला आणि आपण गाडी कुठे लावली हेच त्याला आठवेना.

बद्रुद्दीनना त्याने काही सांगितलं नव्हतं. पण जुम्म्याच्या नमाजहून येताना त्यांनी चौकात लागलेला नवा फलक पाहिला. निळ्या रंगावर सोनेरी अक्षरं होती, विजयपथ अकॅडमी, आणि त्याखाली, एकतीस वर्षं अव्वल गटात. ते घरी आले आणि उंबऱ्यावरच बसले. आत बोलावलं तरी उठेनात. रिझवान शेजारी जाऊन बसला तेव्हा त्यांनी विचारलं, "मी खेळलो ती वर्षंही त्यांनी नेली का?"

रिझवानने मान खाली घातली. त्याच्या आयुष्यात अब्बांनी त्याला इतक्या हळू आवाजात कधी काही विचारलं नव्हतं.

कारखान्यात तो जेवणाच्या सुट्टीत मशीनपाशीच बसू लागला. आता सगळ्यांनी त्याची टर उडवली असती, आणि उडवायला हवीच होती, असं त्याला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी लखन डबा घेऊन तिथेच आला. रिझवानने अंग चोरलं. लखनने डबा उघडला, एक भाकरी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "क गटात नाव घालायला आधी सरावाचं मैदान दाखवावं लागतं. आमचं सोमवारी आन् गुरुवारी रिकामं असतं."

 रिझवान कसंबसं म्हणाला, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"बोललास. मी जेवलो नाय त्या दिवशी." लखनने चटणीची वाटी पुढे सरकवली. "जेव आता."

संघ उभा राहिला, पण जुन्यांपैकी चौघेच आले. बाकीचे अकॅडमीत गेले. त्यांना बूट मिळणार होते, प्रशिक्षक मिळणार होता. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? हिलाल स्पोर्टिंग हे नाव शेठच्या ताब्यात असल्याने नव्या संघाचं नाव हिलाल मोहल्ला ठेवलं. बद्रुद्दीनना सांगितलं तेव्हा ते चिडले. क गट? आपण? मी तसला खेळ बघायला येणार नाही, मला विचारूही नका, असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पहिला सामना सायखेड्याला होता, गोदावरीच्या काठी. मैदानाला गवत कमी आणि ढेकळं जास्त. मध्यंतरापर्यंतच हिलालवर तीन गोल झाले. अव्वल गटात रिझवान एका गोलासाठी आठवडाभर जेवत नसे. इथे तिसरा गोल झाला तेव्हा तो सुन्न होऊन नुसता उभा होता, आणि प्रतिस्पर्धी गावचा एक माणूस येऊन त्याच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास देऊन गेला.

ग्लास तोंडाला लावणार तोच माहेनूरने त्याला कोपराने ढोसलं. रस्त्याच्या कडेला रिक्षा थांबली होती. आधी लखन उतरला, मग त्याने हात देऊन बद्रुद्दीनना उतरवलं. रिझवानचा विश्वासच बसेना. नंतर कळलं की म्हाताऱ्याने सकाळी माहेनूरकडून लखनचा नंबर घेतला होता. मुलाकडे मागायला जीभ रेटली नसावी.

 काठी टेकत बद्रुद्दीन सरळ खेळाडू बसले होते तिथे गेले आणि डाव्या बाजूला खेळणाऱ्या पोराला त्यांनी उभं केलं. "तू चेंडूकडे बघतोस," ते म्हणाले. "चेंडूकडे नाही बघायचं. समोरच्याच्या कमरेकडे बघ." मग काठी लखनकडे दिली, पोराचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला कसं वळायचं ते वळवून दाखवलं. दाखवताना स्वतःचाच तोल गेला, तेव्हा तीन जणांनी त्यांना सावरलं.

उत्तरार्धात हिलालवर आणखी दोन गोल झाले, दोन्ही उजव्या बाजूने. डावीकडून एकही आला नाही. बद्रुद्दीन उन्हात खुर्ची टाकून शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून राहिले, आणि परतताना रिक्षात रिझवानला म्हणाले की उजव्या बाजूच्या पोराला गुरुवारी जरा लवकर बोलाव.