काका कुठे जातायत?

तिने काकांच्या नावापुढचा आकडा बोटाने झाकला, खालच्या ओळीतला नव्या मुलीचा पुन्हा वाचला आणि बोट काढलं. चूक नव्हती. महिन्यापूर्वी आलेल्या त्या मुलीला काकांपेक्षा पगार जास्त, आणि शेअर तर दुपटीच्या वर. बरं, तिला काम शिकवतंय कोण? तर काकाच! आत्तासुद्धा काचेपलीकडे ते तिच्या खुर्चीमागे उभे होते, चष्मा कपाळावर चढवून काहीतरी समजावत होते.

टीमची प्रमुख झाल्यामुळे सगळ्यांचे पगार तिला पहिल्यांदाच दिसत होते. यंदाचे शेअरही तिलाच वाटायचे होते. कंपनीचेच शेअर, चार वर्षांत थोडे थोडे हातात पडणारे. मध्येच नोकरी सोडली तर उरलेल्यांवर पाणी सोडायचं. काका काही तिचे सख्खे काका नव्हेत, सगळं ऑफिसच त्यांना काका म्हणे. पण ती नवखी असताना तिच्या एका चुकीने अख्खी यंत्रणा बंद पडली होती, तेव्हा "माझ्याकडून झालं" म्हणून साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या त्या याच माणसाने. ते ती विसरली नव्हती.

ती तडक साहेबांकडे गेली.

"यंदा काकांना जास्त शेअर द्यायचेत."

"काकांना?" साहेब मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त हिशेबी होता. "अगं, शेअर कशासाठी असतात? माणूस सोडून जाऊ नये म्हणून. काका कुठे जातायत?"

"जात नाहीत म्हणून कमी द्यायचं?"

"नवी मुलगी आजच्या बाजारभावाने आली. काका आले तेव्हाचा भाव वेगळा होता. बाहेरच्या कंपनीचं ऑफरचं पत्र आणू देत, लगेच सही करतो."

तिचं डोकं सणकलं. पण वाट तर सापडली होती.

काकांना तयार करताना मात्र तिच्या नाकी नऊ आले.

"या वयात मुलाखत? हसतील गं लोक."

"जायचं थोडंच आहे? नुसतं पत्र घेऊन यायचं. मग बघा मी काय करते ते."

"म्हणजे घ्यायचं काही नाही, नुसता भाव विचारून यायचं."

"भाव तुमचाच आहे, काका."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ते मिटिंगच्या छोट्या खोलीत बसू लागले. ती पायावर पाय टाकून, चेहरा करडा करून प्रश्न विचारायची.

"तुमच्या कामाबद्दल सांगा."

"आम्ही पाच-सहा जणांनी मिळून..."

"आम्ही नाही, काका. मी म्हणा."

"मी... म्हणजे तसं सगळ्यांनीच..."

"काका!"

दोघंही हसून हसून बेजार व्हायची. पण हळूहळू काका "मी" म्हणायला लागले.

पत्र आलं. ते घेऊन ती साहेबांकडे धावली. साहेबांनी शब्द पाळला, उलट त्या कंपनीपेक्षा थोडं जास्तच दिलं. ती जवळजवळ उड्या मारतच काकांच्या टेबलापाशी आली.

"झालं! पगारही वाढला, शेअरही. तिकडच्यापेक्षा जास्त!"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी तिकडे होकार कळवलाय गं."

"काय? इथे जास्त मिळत असताना?"

"आज जास्त मिळतंय. काल मिळत नव्हतं. मी तर कालचाच आहे ना?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला जास्त लागलं. "तिथे तुझ्याच वयाची एक बाई होती. हे असंच का केलंत, तसं का नाही केलंत, विचारतच होती. आणि मी सांगत होतो. इथे मला कुणी काही विचारून किती वर्षं झाली! तू विचारायचीस, आलीस तेव्हा. मग तुला सगळं यायला लागलं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तुम्ही राहावं म्हणून मी एवढी धडपड केली, काका."

"माहितीये मला," ते म्हणाले. "तुझ्यामुळेच जमलं सगळं."

काका गेल्यावर साहेबांनी तिला बोलावून घेतलं. ते अजून चक्रावलेलेच होते.

"जास्त देऊनही गेला माणूस! कमाल आहे. बरं, त्यांचे शेअर आता मोकळे झालेत. त्या नव्या मुलीला दे. ती टिकली पाहिजे."

"आणि मला?"

तिने असं आजवर कधी विचारलं नव्हतं. साहेब मनापासून हसले.

"तू कुठे जातेयस!"

जेवणाच्या सुट्टीत ती त्या छोट्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपल्या नेहमीच्या जागी न बसता ती काकांच्या खुर्चीत बसली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तिने तोंड उघडलं.

"मी..."

तिने घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.