नवसाची एलईडी पट्टी

रत्नाचं लग्न झालं ते २०२२ साली, वैशाखात. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडून होते, तेवढ्यात तिच्या वडिलांना, नवल आबांना, लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. पारोळ्याजवळच्या त्या गावात आबा म्हणजे पाटकरी. जन्मभर पाटाचं पाणी शेतांमध्ये सोडलं, बांधावरची भांडणं तोडली, कुणाला भ्याले नाहीत. असा माणूस खाटेला खिळला आणि तोंडातून नुसता "अं, अं" एवढाच आवाज उरला.

त्यांची खाट ओसरीवरून मधल्या खोलीत आणली ती भिकुबाईनं, त्यांच्या बायकोनं. पाहुणे म्हणाले, ओसरीवर वारा आहे, येणाराजाणारा दिसतो, आत कशाला कोंडता? ती म्हणाली, "येणारेजाणारे तोंड पाडून बघतात. मासे तसे बघत नाहीत."

मधल्या खोलीत आबांची काचेची टाकी होती. नोकरी संपल्यावर वेळ जाईना म्हणून त्यांनी ती स्वतः लावली होती. तळाला शेतातली माती, तिच्यावर नदीची वाळू, आणि पाटाच्या कडेला वाढतं ते लांब पात्याचं पाणगवत. त्या गवतातून बारके मासे फिरायचे. वर एक जुनी ट्यूब. एवढंच. आबा कुशीवर पडून टाकीकडे बघत राहायचे, आणि मासा जाईल तसं त्यांचं डाव्या हाताचं बोट गोधडीवरून सरकायचं. दिवसभरात त्यांनी आपणहून केलेली हालचाल ती तेवढीच. भिकुबाई त्या बोटावर जगत होती म्हटलं तरी चालेल.

श्रावणात कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर नारळाची देवी बसते, सगळे भाऊबंद एका घरी जमतात, नैवेद्याचे रोट होतात, आणि सोमवारी देवी नदीवर जाईपर्यंत तिच्यापुढचा दिवा मालवत नाही. त्या वर्षी कानबाई भिकुबाईच्या घरी होती. मुलगा ललित धुळ्याला राहतो, नरडाण्याच्या कारखान्यात आहे. तो रोषणाईच्या माळांबरोबर टाकीसाठी एलईडीची पट्टी घेऊन आला. दुकानात होती त्यातली सगळ्यात जोरदार. रिमोट दाबला की निळी, जांभळी, गुलाबी, आणि शेवटी डोळे दिपवणारी निळसर पांढरी.

"बाई वं! मासा बी नवरदेवनामायक दिखतस!" नवरदेवासारखे नटलेले मासे बघून बायका हसल्या.

सोमवारी सकाळी देवी उचलली. भिकुबाईनं डोकं टेकलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं नवस बोलली. "कानबाई माय, त्या एक शब्द बोलतीन, तोवर हाऊ दिवा मी मालवनार नही."

तिचं बोट तेलाच्या दिव्याकडे जायचं ते टाकीकडे गेलं. आबांची नजर तिकडे होती ना. पण बोट गेलं, शब्द गेला, भाऊबंदांनी ऐकला. आता टाकीवरची पट्टी हाच नवसाचा दिवा, आबा एक शब्द बोलेपर्यंत न मालवायचा.

ललितनं ती इन्व्हर्टरला जोडून दिली. गावातली लाईट गेली की पंखा बंद, टीव्ही बंद, नवस चालू. शेजारी राहणारी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, भागाबाई, भावकीत सगळ्यात वडील, रोज येऊन बघून जायची. देवळात येतात तशा बायका टाकीला हात जोडू लागल्या.

पोळा येईपर्यंत टाकीचं पाणी हिरवं झालं. काचेवर शेवाळाचा थर चढला. गवताच्या पात्यांना काळं केसाळ काहीतरी चिकटलं आणि पाती खालून सडू लागली. भिकुबाई काच घासायची, दोन दिवसांत पुन्हा हिरवी. तिला वाटलं, झाडांना उजेड कमी पडतोय. तिनं पट्टी आणखी खाली घेतली.

आणि आबांनी तोंड फिरवलं. भिंतीकडे. ती हळूच कूस बदलून द्यायची, ते डाव्या हातानं खाटेची पाटी धरून पुन्हा वळायचे. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, अशा आजारात माणूस मनानं खचतो. भागाबाई म्हणाली, "देवीनी परीक्षा शे. दिवा सांभाळ." भिकुबाईनं दिवा सांभाळला. ते बोट मात्र हलायचं थांबलं.

एकदा ललित सुटीवर आला होता. त्यानं वडिलांना चाकाच्या खुर्चीवर घालून अंगणात उन्हाला नेलं. भिकुबाईनं खाटेवरची चादर बदलली आणि पाठ धरली म्हणून घटकाभर तिथंच आडवी झाली, आबांच्या जागी, आबांच्या कुशीवर.

ती ताडकन उठून बसली.

पट्टीचे दिवे सरळ डोळ्यांत घुसले होते. रस्त्यानं समोरून ट्रक यावा आणि त्यानं लाईट खाली करू नये, तसे. टाकी दिसतच नव्हती, मासे दिसत नव्हते. ती आजवर टाकीपुढे उभी राहून बघत आली होती. उभ्या माणसाला ते दिवे दिसत नव्हते, खाली पडलेल्याला दुसरं काही दिसत नव्हतं. आणि हे रात्रंदिवस.

"अरे देवा," ती म्हणाली. "हा माणूस आमच्याकडे पाठ करून पडला नाही. माझ्या नवसाकडे पाठ करून पडलाय."

ती उठली आणि बटण बंद केलं.

भागाबाईला कसं कळलं कोण जाणे, ती पदर खोचत आलीच. "भिकू! दिवा कोनी मालवा?"

"मी."

"नवस शे तो! नवरात्र तोंडवर उनं. घराघरमा अखंड दिवा लागतीन, आणि तू मालवस?"

"मालवा. त्यासना डोयामा जास तो, अक्का."

"त्यासले काही व्हयनं तं? बठ्ठा भाऊबंद काय म्हनतीन?"

"म्हनू दे. त्या भाऊबंदमाईन एक जन बी त्या खाटवर निजीसन देखस का? तू नीज. जाय, नीज. मंग सांग माले नवस."

भागाबाई काही खाटेवर निजली नाही. तिनं ललितकडे बघितलं. ललित म्हणाला, "काकू, मी काय बोलू? पट्टी मीच आणली." आणि खुर्ची ढकलत वडिलांना आत घेऊन आला.

भिकुबाई नदीवरून परत आणलेला कानबाईचा नारळ होता त्या कोनाड्यापुढे गेली. हात जोडले नाहीत, कमरेवर ठेवले. "माय, नवस मी मोडा. राग उना व्हई तं मन्हा एकलीवर काढ. त्यासना अंगले हात लावू नको." मग समईत तेल घातलं, वात लावली. "दिवा पाहिजे ना तुले? हाऊ घे. याना उजेड कोनाले टोचत नही."

दुसऱ्या दिवशी ललितनं फोनवर धुळ्याच्या एका शोभेच्या मासेवाल्याला विचारून दिलं. तो म्हणाला, शेवाळ मारायचं तर आधी टाकी तीन-चार दिवस गच्च अंधारात ठेवा. भिकुबाईनं घरातली जाड गोधडी काढली आणि टाकीवर टाकली, चारी बाजूंनी खोचली. दारातून बघणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. "मढं झाकतात तसं झाकलं गं!" एक पुटपुटली.

"झोपलेल्यावर पण गोधडीच टाकतात," भिकुबाई आतून म्हणाली. "तुमच्या घरी काय मेल्यावरच टाकतात का?"

मग एके दिवशी ललितला वडिलांपाशी बसवून ती एकटीच एसटीनं धुळ्याला गेली. तो म्हणत होता, मी आणतो. ती म्हणाली, "तू एकदा आणलीस."

माशांच्या टाक्यांचं दुकान आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत. दुकानदार हितेंद्र, तिशीचा, बोलायला मोकळा. "या मावशी. ही बघा नवीन. सोळा रंग, मोबाइलवर चालते. पाहुणे नुसते बघत राहतील."

"पाहुण्यांसाठी नाही नेत मी. आणि माझा मोबाइल बोलायला आहे."

"टाकीत झाडं आहेत का?"

"झाडांचीच टाकी आहे."

हितेंद्रनं सोळा रंग बाजूला ठेवले. "मग असं बोला ना. ही निळी-जांभळी माशांचा रंग उठवते, शोभेची. झाडांना पांढरा उजेड लागतो, दुपारच्या उन्हाच्या जातीचा. खोक्यावर साडेसहा हजार केल्विन लिहिलेलं असतं ती, आणि अधूनमधून लाल दिवे असले तर बरं. तुम्ही रोज किती वेळ लावता?"

"रात्रंदिवस. नवस होता."

"मावशी, मग शेवाळाला पावला तुमचा नवस!" तो खदखदून हसला.

"हस बाबा. तुला हसायला काय जातं! पुढचं सांग."

"सहा-सात तास खूप झाले. झाडांनाही रात्र लागते. टायमर देतो, आपोआप लागेल, आपोआप विझेल. आणि जोर कमी-जास्त करता येईल अशी घ्या. लोक आधी वॅट विचारतात. तुमच्या पाण्यात वरून खत नाही, कार्बन डायऑक्साइडचा गॅस नाही. झाडं खाणार बेताचं. मग उरलेला उजेड शेवाळ खातं. आधी अर्ध्या जोरावर ठेवा, गवत काय म्हणतं ते महिनाभर बघा."

हे तिला पटलं. पाटाचं पाणी पिकाला लागतं तेवढंच सोडायचं, जास्त सोडलं तर तण माजतं, हे तिनं आबांच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं होतं.

"लाव ती त्या टाकीवर," ती म्हणाली. त्यानं लावली. गवत हिरवंगार दिसलं, मासे स्वच्छ दिसले. भिकुबाईनं पिशवी बाजूला ठेवली, नऊवारीचा पदर सावरला आणि दुकानाच्या फरशीवर कुशीवर आडवी झाली.

"मावशी! काय होतंय? अहो, पाणी आणू का?"

"पाणी तुझ्या माशांना घाल. मला बघू दे." गिऱ्हाइकं थबकली. एक पोरगी मोबाइल वर करू लागली तशी भिकुबाई खालूनच ओरडली, "ए बाई, फोटो काढू नको, मी काही मासा नाही!" मग हितेंद्रला म्हणाली, "ही नको. दिवे उघडे आहेत. डोळ्यांत जातात."

"पण मावशी, टाकी उभ्यानं बघतात. नाहीतर खुर्चीवर बसून."

"आमच्या घरी झोपून बघतात. चार महिने झाले. पुढेही झोपूनच बघणार आहेत."

हितेंद्र आत गेला. आतून दुसरी पट्टी काढली, तिला दोन्ही अंगांनी पत्र्याची झालर होती. लावली. मग स्वतःही फरशीवर बसला, मान खाली घालून टाकीकडे बघू लागला. "अजून थोडं दिसतंय," तो म्हणाला, आणि काळ्या शीटची पट्टी कापून झालरीला आतून चिकटवली. "आता?"

भिकुबाईला दिवा दिसला नाही. नुसतं पाणी दिसलं, उजेडानं भरलेलं.

"बांध," ती म्हणाली.

घरी आल्यावर गोधडी काढली. सडलेली पाती कापली, निम्मं पाणी बदललं, पट्टी बसवली. पहिले आठ-दहा दिवस आबा भिंतीकडेच होते. ती त्यांना वळवत नव्हती, हाक मारत नव्हती. रोज टायमर टक् करून दिवा विझवायचा आणि दारात कुणी ना कुणी कुजबुजायचं. नवरात्रात तर भागाबाईनं घरात पाऊल टाकलं नाही. भिकुबाईनं तिच्याकडे घटाचा प्रसाद पाठवला, तो परत आला. तिनं तो स्वतः खाल्ला.

दसऱ्यानंतर गवताच्या बुडातून नवी पाती फुटली, कोवळी, पोपटी. त्याच सुमारास एका दुपारी ती भाकरी थापत असताना खाट करकरली. तिनं डोकावून बघितलं. आबांनी स्वतःच कूस बदलली होती. तोंड टाकीकडे होतं. एक मासा गवतातून निघाला, आणि गोधडीवर बोट सरकलं. तव्यावरची भाकरी करपली. करपू दिली.

त्यानंतर आबा दोन वर्षं जगले. बोलले नाहीत, एक शब्दही नाही. भाऊबंदांनी दोन्ही वर्षी कानबाईच्या वेळी तिला सुनावलं, नवस मोडला नसता तर वाचा आली असती. ती प्रत्येक वेळी एकच म्हणाली, "वाचा नही उनी. पन तोंड फिरायेल नव्हतं. माले तेवढं पुरे." भागाबाई दुसऱ्या वर्षी पुन्हा येऊ लागली. मतं बदलली नाहीत, पण यायची, खाटेजवळ बसायची, आणि टायमर टक् झाला की मान फिरवायची.

नवल आबा डिसेंबर २०२४ मध्ये, मार्गशीर्षातल्या एका दुपारी, दुसऱ्या झटक्यानं आपल्या खाटेवर वारले.