पडद्यावरची गप्प आई

धाकट्या भावाच्या सिनेमाला परदेशात बक्षीस मिळालं आणि समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. सिनेमा आईच्या शेवटच्या आजारपणावर होता, म्हणून ताई अर्धी रजा टाकून बघायला गेली.

पडद्यावरची आई दोन तास खिडकीशी बसून होती. एक शब्द बोलली नाही. मागच्या रांगेतली बाई हुंदके देत होती आणि ताईचं डोकं तापत होतं. त्यांची खरी आई ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून नर्सशी हुज्जत घालायची, ताईने केलेल्या सुपाला नावं ठेवायची, डॉक्टरांची नक्कल करायची.

बाहेर भावाभोवती कौतुक करणाऱ्यांचा घोळका होता. त्याने ताईला जवळ बोलावलं. "कसा वाटला?"

"ती बाई कोण होती रे?"

"अगं, आई! तिचं मौन म्हणजे..."

"कसलं मौन? जायच्या आदल्या दिवसापर्यंत माझं डोकं खात होती ती! तू एकदाच आलास, तेव्हा तिला झोपेचं इंजेक्शन दिलेलं होतं. तेवढंच पाहिलंस आणि दोन तास ताणलंस."

घोळक्यातलं हसू मावळलं.

"हळू बोल ना, लोक बघतायत," भाऊ दात आवळून म्हणाला आणि फोटोसाठी त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो झटकून ताई चालू लागली.