विचारलं तेवढंच

आमच्या खोलीच्या दारावर ‘संसदीय नियंत्रण कक्ष’ अशी पाटी आहे. संसद आमच्यावर नियंत्रण ठेवते की आम्ही संसदेवर, हे चोवीस वर्षं इथे बसूनही मला सांगता येणार नाही. खासदार सरकारला लेखी प्रश्न विचारतात. प्रत्येक प्रश्न सकाळच्या टपालाने माझ्या टेबलावर येतो आणि पंचवीस दिवसांत त्याचं उत्तर मंत्र्यांच्या सहीने परत जातं. सही त्यांची, अक्कल माझी. या खात्याला अकरा मंत्री आले नि गेले, मी, आरेती स्टामूली, मात्र त्याच खुर्चीत आहे.

या कामातली खुबी मला माझ्या आधीच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. “हे बघ पोरी, खोटं कधी लिहायचं नाही, खोटं अंगाशी येतं. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं.” मी ते इतकं मनावर घेतलं की घरी नवऱ्याने “आज कोणी भेटलं का?” विचारलं की मी “हो” म्हणून गप्प बसायचे. सुरुवातीला तो हसायचा. पुढे हसेनासा झाला, आणि मग पात्रासला निघून गेला, एका बोलक्या बाईकडे. त्याला मी दोष देत नाही.

बहुतेक खासदारांचे प्रश्न त्यांच्या कचेरीतली तरुण मंडळी लिहितात. नीट, धारदार, मुद्द्याचे. लाम्ब्रोस गोगोस मात्र आपले प्रश्न स्वतः लिहायचे. एपिरसच्या डोंगरातला हा निवृत्त गुरांचा डॉक्टर, अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा निवडून आलेला. दीड पान भरून लिहायचे. हवा कशी आहे, कोणाची गाय कुठे चरेनाशी झाली, सगळं त्यात. आणि शेवटी एकच वाक्य, “याबाबत मंत्रिमहोदय काय करू इच्छितात?”

असा प्रश्न आला की आमच्याकडे सणच. मंत्रिमहोदय विषयाचा अभ्यास करू इच्छितात. संपलं. सही, शिक्का, पुढचा कागद.

त्यांचं दुखणं एका गावाचं होतं, प्लातानोराखी. गावाच्या वरच्या आळीत अकरा घरं, आणि त्या घरांच्या डोक्यावर डोंगराचा उतार. त्या उताराला हिवाळ्यात भेगा पडल्या होत्या. गोगोस यांचा पहिला प्रश्न एप्रिलमध्ये आला. त्याच्या आधी, मार्चमध्येच, आमच्याच खात्याच्या भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला होता. चार पानं. नोंदवहीत आवक क्रमांक मीच घातला, आणि वाचलाही मीच. शेवटचं वाक्य मला आजही तोंडपाठ आहे: ‘शरदातील मोठ्या पावसापूर्वी वरच्या आळीतील अकरा घरे रिकामी करावीत; अन्य उपाय नाही.’

मी तो संचालक काल्लिगास यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, शेवटचं पान वाचलं आणि अहवाल आमच्या खोलीतल्या आपल्या फडताळात ठेवला.

“आरेतीबाई, हा आपण मान्य केला ना, की अकरा घरांना जागा देणं आपल्या गळ्यात. आधी ठरू दे कोणाच्या गळ्यात ते.”

“आणि नाही ठरलं तर?”

“तुम्ही कधीपासून प्रश्न विचारायला लागलात?” ते हसले. मीही हसले. हे मी लपवत नाही.

एप्रिलच्या प्रश्नाला ‘अभ्यास सुरू आहे’ गेलं. जूनमध्ये गोगोस यांनी तोच प्रश्न तीन मंत्रालयांना एकदम पाठवला. मग काय विचारता! आम्ही लिहिलं, पुनर्वसन आमच्या अखत्यारीत येत नाही. रस्तेवाल्यांनी लिहिलं, उतार जंगलाचा आहे. जंगलवाल्यांनी लिहिलं, घरं आमची नाहीत. प्रत्येकाने आपल्या खालच्या कचेरीचं पत्र जोडलं, त्या कचेरीने तिच्या खालच्या कचेरीचं, आणि शेवटचा कागद छायाप्रतीची छायाप्रत काढून इतका राखाडी झाला होता की त्यावर काय आहे ते देवच जाणे. सगळी उत्तरं मुदतीत गेली. एकातही खोटं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी गोगोस स्वतः आमच्या खोलीत आले. खासदार सहसा येत नाहीत, त्यांना ही खोली कुठे आहे तेच ठाऊक नसतं. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, हातात रानचहाची जुडी, आणि मागे काळ्या कपड्यातली एक म्हातारी.

“ही वासिलो. वरच्या आळीत पहिलं घर हिचं. तिला बघायचं होतं, उत्तरं कोण लिहितं ते.”

म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तूच का गं ती? मला वाटलं, कोणीतरी पुरुष असेल. बाई असून एवढं कोरडं लिहितेस?”

“मावशी, सरकारी पत्र आहे ते.”

“सरकारी असू दे. माझ्या शेळ्या लेंटच्या उपासांच्या आधीपासून त्या चढावर पाय ठेवत नाहीत. मी यांना म्हटलं, शेळीला कळतं ते मंत्र्याला कळत नाही का? हे म्हणाले, विचारतो.” तिने गोगोस यांच्याकडे बोट केलं. “तीन-तीन ठिकाणी विचारलंय यांनी. सभ्य माणूस. ओरडायला येत नाही.”

“आणि तुम्ही खाली कुठे, लेकाबिकाकडे का जात नाही?”

“कशाला? कोणी म्हटलंय का, जा म्हणून? एक कागद येऊ दे, जा म्हणणारा. लगेच निघते. आमची अख्खी आळी निघेल. कागदाशिवाय कोण आपलं घर सोडतं?”

तो कागद तिच्यापासून चार हातांवर होता, काल्लिगास यांच्या फडताळात. माझी नजर तिकडे गेली. तिला वाटलं, मी फडताळावरचं घड्याळ बघतेय. ती वळली. “चला, या बाईला काम आहे.”

ती खाली, इमारतीच्या दाराशी पहारेकऱ्याजवळ जाऊन बसली. गोगोस जिना उतरायला लागले, आणि मला काय झालं कोण जाणे, मी मागे धावले.

“गोगोससाहेब, तुम्ही चुकीचं विचारता.”

“म्हणजे?”

“मंत्र्याला काय वाटतं ते विचारू नका, त्याला काहीही वाटू शकतं. कागद मागा. कागदपत्रं सादर करण्याची मागणी, साधा फॉर्म आहे, तुमच्या कचेरीत असेल. क्रमांक घालून मागितला की महिन्याच्या आत तो संसदेत ठेवावाच लागतो. नाही म्हणता येत नाही.” त्यांच्याच सिगरेटच्या पाकिटावर मी अहवालाचा आवक क्रमांक आणि तारीख लिहिली. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

त्यांनी ते पाकीट दोन्ही हातांत धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. “आरेतीबाई, आणखी काही सांगू नका. तुमच्या नोकरीवर बेतेल. एवढं पुष्कळ झालं.”

मी सांगितलं नाही. परत येऊन खुर्चीत बसले आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःचं कौतुक वाटलं. त्यांनी आणलेला रानचहा घरी नेऊन उकळून प्यायले. किती मूर्ख बाई!

चार सप्टेंबरला मागणी आली. टाईप केलेली, तीन ओळींची, क्रमांकासकट. काल्लिगास यांनी ती दोन बोटांत धरून माझ्यापुढे आणली.

“गुरांच्या डॉक्टरला आपला आवक क्रमांक कसा कळला हो?”

“नोंदवही उघडी असते, साहेब. किती लोक येतात जातात.”

त्यांनी मागणी माझ्या टेबलावर ठेवली. त्यांना कळलं होतं. “ठीक आहे. मुदत कधी संपते?”

“चार ऑक्टोबरला.”

“मग चार ऑक्टोबरला देऊ.”

त्यात वावगं काही नव्हतं. आमच्याकडे सगळंच शेवटच्या दिवशी जातं. लवकर दिलं तर पुढच्या वेळी लवकर मागतात. मी अहवालाची स्वच्छ प्रत काढली, आवरणपत्र टाईप केलं आणि फाइल तयार ठेवली. रोज सकाळी आल्यावर ती जागेवर आहे ना बघायचे. बाहेर ऊन होतं, आकाश निळंभोर. मोठा पाऊस अजून लांब आहे असं वाटायचं.

अठ्ठावीस सप्टेंबरला सरकारने निवडणूक जाहीर केली आणि संसद विसर्जित झाली.

बाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळायचा नाही. संसद विसर्जित झाली की तिने विचारलेले सगळे अनुत्तरित प्रश्न त्याच क्षणी मरतात. विचारणाराच उरलेला नसतो, मग उत्तर द्यायचं कोणाला? आमच्या खोलीत त्या दिवशी आनंद असतो, कोणीतरी मिठाई आणतं. दुपारपर्यंत मी एकशे सत्तर फायलींवर ‘निरस्त’ शिक्का मारला. प्लातानोराखीची फाइल हातात आली तेव्हा मी थांबले. काल्लिगास दारात उभे होते, हातात बदामाची वडी घेऊन.

“मारा बाई. नवीन संसदेत पुन्हा विचारतील ते.”

मी मारला. मलाही तेच वाटलं, पुन्हा विचारतील.

गोगोस पडले. दोनशे सहा मतांनी. प्लातानोराखीतही त्यांना कमी मतं मिळाली. कॉफीच्या दुकानात लोक म्हणत होते म्हणे, या माणसाने चार वर्षं केलं काय, नुसते कागद लिहिले. नव्या संसदेने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शपथ घेतली. नवे खासदार अजून आपापल्या खुर्च्या शोधत होते, आणि माझ्या टेबलावर एकही प्रश्न नव्हता.

पाऊस तेराला सुरू झाला. सोळाच्या पहाटे उतार खाली आला. अकरांपैकी सात घरं गेली. बहुतेक लोक आवाज ऐकून बाहेर पळाले होते. चारजण आतच राहिले. वासिलो तिसऱ्या दिवशी सापडली.

बातमी मी कचेरीत ऐकली. सगळे दूरचित्रवाणीसमोर उभे होते आणि काल्लिगास “अरेरे, अरेरे” करत होते, अगदी मनापासून, हे विशेष. मी स्वच्छतागृहात जाऊन बसले. मला सारखं एकच सुचत होतं. त्या गावाच्या कॉफीच्या दुकानाचा फोन नंबर गोगोस यांच्या पहिल्या प्रश्नातच होता, दीड पानात कुठेतरी. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत कुठल्याही दिवशी मी फोन उचलून म्हणू शकले असते, घरं सोडा. त्याला क्रमांक लागत नाही, सही लागत नाही, संसद लागत नाही. चोवीस वर्षं उत्तरं देणाऱ्या बाईला हे एकदाही सुचलं नाही, कारण कोणी विचारलेलं नसताना काही सांगायचं असतं हेच मी विसरून गेले होते.

आठवड्याने दुपारी फोन वाजला.

“आरेतीबाई? गोगोस बोलतोय.” आवाज ओळखू येईना. “आजच माती दिली चौघांना. म्हटलं, तुम्हाला फोन करावा. तुम्ही एकट्याच होता, ज्यांनी मदत केली.”

“असं म्हणू नका.”

“नाही, म्हणणारच. मी सगळ्यांना सांगितलंय, तिथे एक बाई होती म्हणून. तुमचं नाव नाही सांगितलं.” पाठीमागे कोणीतरी रडत होतं. “एक विचारू का आता? आता मी खासदार नाही, काही नाही. तुम्हाला धोका नाही. त्या अहवालात होतं काय?”

खोटं मी कधी लिहिलं नव्हतं, आणि बोलताही येईना. मी ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. अकरा घरं रिकामी करावीत, मोठ्या पावसापूर्वी.



“तुम्ही तो वाचला होता?”

“हो.”

“मला क्रमांक दिलात, त्याआधी?”

“मार्चमध्ये.”

“मग जिन्यात... बाई, वासिलो खाली बसली होती. वीस पायऱ्या खाली. एक वाक्य तर होतं. मला का नाही सांगितलंत?”

आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं, रोज येतं तसं.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

मला वाटलं, ते ओरडतील. मी फोन कानाशी घट्ट धरून वाट बघत होते. त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, माझं नाव वर्तमानपत्रात द्यावं असं मला मनापासून वाटत होतं. पण त्या माणसाला ओरडायला येत नव्हतं.

“खरंय बाई,” ते म्हणाले. “मी विचारलं नाही.”